प्रशिक्षण होतं, पण वर्ग का बदलत नाही?

चीनमध्ये सरकारी खर्चाने चालणारा शिक्षक प्रशिक्षणाचा एक राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी संशोधकांनी एका प्रांतातल्या ३०० शाळांमधले ६०० गणित शिक्षक निवडले. कोणाला प्रशिक्षण मिळणार आणि कोणाला नाही, हे सोडत काढून ठरवलं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांच्या गणितात फरक नव्हता. शिक्षकांच्या विषयज्ञानात नव्हता आणि शिकवण्याच्या पद्धतीतही नव्हता. कारण शोधलं तेव्हा शिक्षकांनी आणि निरीक्षकांनी जवळपास एकच गोष्ट सांगितली: मजकूर फार सैद्धांतिक होता आणि शिक्षक बसून ऐकत होते.

महाराष्ट्रात ज्यांनी गटसाधन केंद्राच्या (तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्राच्या) सभागृहात पाच दिवस काढले आहेत, त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. पण यावरून "प्रशिक्षणाचा काही उपयोग नसतो" असं म्हणून मोकळं होणं चूक ठरेल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या विषयावर चांगले प्रयोग झाले आहेत. प्रशिक्षण कुठे चालतं, कुठे नाही आणि का, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

दक्षिण आफ्रिकेतला प्रयोग त्यासाठी सर्वांत उपयोगी. नॉर्थ वेस्ट प्रांतात मुलांना त्सवाना या त्यांच्या घरच्या भाषेत वाचायला शिकवलं जातं. तिथल्या ५० शाळांच्या शिक्षकांना रोजच्या पाठांचे आराखडे, वाचनाची पुस्तकं आणि केंद्रावर होणारं प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्या ५० शाळांना तेच आराखडे आणि तीच पुस्तकं मिळाली, पण मोठ्या प्रशिक्षणाऐवजी एक अनुभवी मार्गदर्शक दर महिन्याला त्यांच्या वर्गात येऊन बसायचा. ८० शाळांना यातलं काहीच मिळालं नाही. त्यांच्याशी तुलना करायची होती. दोन वर्षांनी वाचनातली वाढ मोजली. केंद्रावरच्या प्रशिक्षणाने ती प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१२ पट झाली आणि वर्गातल्या मार्गदर्शनाने सुमारे ०.२५ पट, म्हणजे दुप्पट. हे आकडे असे वाचायचे: वाचनात शंभर मुलांच्या बरोबर मध्यावर असलेलं मूल पहिल्या प्रकाराने साधारण पाच मुलांना मागे टाकतं, दुसऱ्या प्रकाराने दहांना.

यापेक्षा महत्त्वाचं काय घडलं, ते वर्गात बसून टिपलेल्या नोंदींत दिसतं. मार्गदर्शक येत असलेल्या वर्गांत मुलं छोट्या गटात बसून, एकेकट्याने शिक्षकांना वाचून दाखवत होती. हे करायला अवघड आहे, कारण एका गटाशी काम चालू असताना बाकीची ३५ मुलं काय करतील, ते आधी बसवावं लागतं. नुसतं सांगून हे जमत नाही. साहित्य दोन्हीकडे सारखंच होतं. पण वर्गाची मांडणी बदलायला लावणारा भाग उचलला गेला तो मार्गदर्शक येत असलेल्या शाळांमध्येच.

शिक्षक शिकवायला कुठे शिकतो?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक साधं गणित मांडलं. बारावीपर्यंत पोचलेल्या माणसाने सुमारे १३,००० तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेलं असतं. डॉक्टर किंवा वकील होणाऱ्याच्या वाट्याला असं काही येत नाही. त्यामुळे डी.एल.एड. (शिक्षक पदविका) किंवा बी.एड.ला येणारा विद्यार्थी कोरा नसतो. वर्ग कसा असतो याचं पक्कं चित्र त्याच्या डोक्यात आधीच असतं. पण ते बाकावरून पाहिलेलं चित्र आहे. शिक्षकाने नेमकं हेच उदाहरण का घेतलं, चुकलेल्या मुलाला त्याने तसंच का उत्तर दिलं, हे बाकावरून दिसत नाही. दिसतं ते फक्त बोलणं, फळा आणि दटावणं.

याच्या समोर आपण काय ठेवतो? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवासाठी २० आठवडे ठरले. कागदावर हा चांगला बदल आहे. पण त्या २० आठवड्यांत सराव पाठ, पाठ टाचण, फाइल आणि शैक्षणिक साहित्य यांचीच धावपळ असते. सराव पाठ बहुधा एकदाच होतो. निरीक्षक मागे बसतात, टाचणावर "आवाज स्पष्ट, फलकलेखन नीटनेटके, मुलांचा सहभाग वाढवावा" असं लिहितात, आणि पुढचा पाठ नव्या घटकावर असतो. तोच पाठ दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेण्याची संधी मिळत नाही. सूक्ष्म अध्यापनाची मूळ कल्पना १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय आणि पुन्हा पाठ, अशी ती होती. आपल्या अनेक महाविद्यालयांत यातला "पुन्हा पाठ" हा भागच गळून गेला आणि समोर मुलांऐवजी सहाध्यायी बसले.

संस्थांच्या दर्जाचा प्रश्न वेगळा, आणि तो लहान नाही. न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल मुळात महाराष्ट्रातल्या २९१ खासगी डी.टी.एड. (शिक्षक पदविका) महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून उभा राहिला. तपासणीत त्यांतली बहुतेक मान्यतेस पात्र नसल्याचं आढळलं. त्या काळात शिकून बाहेर पडलेले शिक्षक आज मुलांसमोर उभे आहेत. पदविका देणाऱ्या संस्थेने जे द्यायला हवं होतं ते दिलं नसेल, तर सेवांतर्गत प्रशिक्षणावरचं ओझं दुप्पट होतं.

५२ वजा २७ बरोबर ३५

तिसरीच्या वहीत हे उत्तर हमखास सापडतं. ५२ मधून २७ वजा करताना एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ आहेत. मूल ७ मधून २ वजा करतं, ५ लिहितं, मग ५ मधून २ वजा करून ३ लिहितं. हा धांदरटपणा नव्हे, मूल एक नियम पाळतं आहे: "मोठ्यातून लहान वजा करायचं." हा नियम त्याला पहिलीत शिक्षकानेच दिलेला असतो, आणि एक अंकी संख्यांपुरता तो चालतो. तिसरीत तोच आडवा येतो.

ज्याला गणित येतं त्याला उत्तर २५ आहे हे कळतं. ज्याला गणित शिकवता येतं त्याला ३५ कुठून आलं हे कळतं, तीच चूक आणखी किती वह्यांत असेल याचा अंदाज येतो आणि पुढे काय करायचं हे सुचतं. हा मुलगा "दशक सुटा करणं" हाताने करून पाहिल्याशिवाय हातचा घेण्याची रीत पाठ करेल आणि ४०३ वजा १७८ ला पुन्हा अडखळेल, हेही त्याला माहीत असतं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या प्रकारच्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं. विषयाचं ज्ञान वेगळं, अध्यापनशास्त्राचं सर्वसाधारण ज्ञान वेगळं, आणि विशिष्ट घटक विशिष्ट वयाच्या मुलांना शिकवण्याचं ज्ञान हे तिसरंच. आपल्या प्रशिक्षणात पहिलं थोडं असतं, दुसरं भरपूर असतं (ज्ञानरचनावाद, अध्ययन निष्पत्ती, एकविसाव्या शतकातली कौशल्यं) आणि तिसरं जवळजवळ नसतं.

मराठी वाचनाबाबतही हेच दिसतं. २०११ ते २०१६ या काळात पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड, असा मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला. वर्गातला बराच वेळ फळ्यावरची अक्षरं आणि शब्द उतरवून घेण्यात जात होता. अर्थाकडे, बोलण्याकडे आणि मुलांनी स्वतःच्या मनातलं लिहिण्याकडे फार कमी वेळ होता. तिसरी संपतानाही अनेक मुलांना साधा परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं आणि सगळं झाल्यावर गोष्ट, हा क्रम शिक्षकांना कोणी सक्तीने दिलेला नव्हता. ते स्वतः तसेच शिकले होते. लॉर्टींचे १३,००० तास ते हेच.

जाता जाता एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "त्रेसष्ट"च्या जोडीला "साठ तीन" असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. तो वाद जवळजवळ सगळा मराठीच्या अस्मितेवर झाला. मुलं "बेचाळीस" ऐकून २४ का लिहितात, आणि ते लिहिलं की शिक्षकाने काय करायचं, यावर फार थोडे बोलले. शिक्षकांना तेव्हा गरज होती ती याचीच.

मधल्या पायऱ्यांवर काय गळतं

मोठ्या राज्यात एकेका शिक्षकापर्यंत थेट पोचता येत नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देतात. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या साधनव्यक्तींना शिकवतात, ते तालुक्याच्या सुलभकांना, आणि ते शिक्षकांना. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या "निष्ठा" या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाचं उद्दिष्ट सुमारे ४२ लाख शिक्षकांचं होतं. एवढ्या आकड्याला दुसरा मार्ग सहज सुचतही नाही. समजा प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के पोचतं. तीन टप्प्यांनंतर ५१ टक्केच उरतं.

पण किती गळतं यापेक्षा काय गळतं हे पाहा. पीपीटी आहे तशी खालपर्यंत पोचते. घडीपत्रिकाही पोचते. गळतं ते प्रात्यक्षिक, आणि नंतर प्रत्येकाने करून पाहण्याचा भाग. कारण त्याला वेळ लागतो, आणि सुलभकाने ते स्वतः मुलांबरोबर कधी केलेलं नसतं. शेवटच्या टप्प्यावर "गटकार्य कसं घ्यावं" या विषयावर ८० शिक्षकांसमोर दोन तास भाषण होतं.

हरियाणात २०१२-१३ मध्ये नेमकी हीच गाठ सोडवली गेली. "प्रथम" ही संस्था मुलांना इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवते. याच पद्धतीचं प्रशिक्षण २००८ ते २०१० दरम्यान बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना दिलं गेलं होतं. नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलेल्या शाळांत, शाळेच्या नेहमीच्या वेळात फारसं काही बदललं नाही. शिक्षक तिथलेही सरकारीच होते, पद्धतही तीच होती. हरियाणात मात्र फरक पडला. ४०० शाळांतल्या प्रयोगात हिंदी वाचनात सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली.

तिथे तीन गोष्टी वेगळ्या होत्या. रोजच्या वेळापत्रकात या कामासाठी एक तास सरकारी आदेशाने बाजूला काढला होता. त्या तासाला मुलं इयत्ता सोडून पातळीनुसार बसत. आणि केंद्र-गट पातळीवरच्या ज्या अधिकाऱ्यांनी शिक्षकांना मदत करायची, त्यांनी चार दिवस प्रशिक्षण घेतल्यावर १५-२० दिवस स्वतः शाळेत जाऊन मुलांना त्या पद्धतीने शिकवलं. शिक्षकांना सांगायला ते गेले त्यानंतर. वरून सूचना देणारा माणूस आणि "मी हे केलंय, तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात, तेव्हा असं करा" म्हणणारा माणूस, यांतला फरक शिक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

आपल्याकडे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, डायट (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था), गटसाधन केंद्र, केंद्रशाळा ही साखळी तयार आहे. आसपासच्या शाळांच्या समूहाला "केंद्र" म्हणतात, आणि केंद्रप्रमुख हे पद तिथल्या शैक्षणिक मार्गदर्शनासाठीच आहे. प्रत्यक्षात त्यांचे बरेच दिवस माहिती गोळा करण्यात आणि ती पोर्टलवर भरून घेण्यात जातात. केनियाने त्यांच्या अशाच अधिकाऱ्यांना टॅबलेट दिले. वर्गात बसून केलेलं निरीक्षण त्यावर भरायचं, आणि प्रवासभत्ता त्या भेटींशी जोडलेला. ज्या कामाचे पैसे मिळतात ते काम होतं, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

एक भेट, एक गोष्ट

वर्गातलं मार्गदर्शन म्हणजे पाठनिरीक्षण नव्हे. नेहमीच्या भेटीत टाचण वही, हजेरी, शालेय पोषण आहार सगळं एकदम पाहिलं जातं आणि शेरेबुकात सात-आठ सूचना लिहून पाहुणे जातात. सात-आठ सूचनांपैकी एकही टिकत नाही. उपयोगी भेट कशी असते, ते एका छोट्या कौशल्यावरून पाहू.

अमेरिकी शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. हा वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरं लांबतात, "येत नाही" म्हणणारी कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. ऐकायला सोपं, करायला अवघड. तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला फार मोठी वाटते. वर्ग हातातून जातोय असं वाटतं. शिवाय पुढच्या बाकावरची तीन मुलं ओरडून उत्तर देऊन मोकळी होतात.

भेटीला २०-२५ मिनिटांचं निरीक्षण पुरतं. हातात चौकटीचा कागद घ्यावा, त्यावर मुलं बसली आहेत तसे चौकोन काढावेत. ज्याने उत्तर दिलं त्याच्या चौकोनात एक रेघ. शेजारी प्रश्न शब्दशः लिहावा आणि थांबलेले सेकंद मनात मोजून टिपावेत. "प्रश्न चांगले होते" अशी मतं लिहू नयेत. पुराव्याविना मत सांगितलं की शिक्षक बचाव करायला लागतो, आणि तो योग्यच करतो.

मग १५ मिनिटांचं बोलणं, शक्यतो त्याच दिवशी, मधल्या सुट्टीत. सुरुवात चौकोनांचा हा नकाशा समोर ठेवून: "मॅडम, यात तुम्हाला काय दिसतं?" बहुतेक वेळा ४० पैकी सहा-सात चौकोनांतच रेघा असतात आणि त्या समोर किंवा मधल्या रांगेत असतात. हे शिक्षक स्वतः बघून म्हणतात, तेव्हा ते त्यांचं होतं. मग एकच बदल ठरवायचा: प्रश्न आधी, नाव नंतर, मधे मनात तीन आकडे, आणि हात वर न करता विचार करायची सूचना.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते, आणि माझ्या मते सगळ्या भेटीत तीच सर्वांत मोलाची आहे. सराव. शिक्षकाने खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभं राहायचं, मार्गदर्शकाने तिसरीतला मुलगा व्हायचं. शिक्षक विचारतात, "५२ मधून २७ गेले, किती?" थांबतात. "मुलगा" म्हणतो, "पस्तीस." आता पुढचं वाक्य काय? पहिल्यांदा तोंडातून येतं "नाही, नीट बघ". दुसऱ्यांदा "पस्तीस कसे आले, काड्यांवर दाखव". तिसऱ्यांदा ते सहज येतं. मोठ्या माणसांना असं करताना लाज वाटते, म्हणून दार लावून घ्यावं आणि आधी मार्गदर्शकाने स्वतः शिक्षकाची भूमिका करून दाखवावी. खऱ्या वर्गात ४० मुलांसमोर मेंदूला नवं वाक्य शोधायला फुरसत नसते. जे तोंडात बसलेलं असतं तेच बाहेर येतं.

शेवटी टाचण वहीत कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, कोणत्या तीन प्रश्नांना हे करायचं ते लिहायचं. फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःसाठी एक खूण ठेवली तर आठवण राहते. दोन आठवड्यांनी पुन्हा तोच नकाशा काढायचा. तिसऱ्या भेटीपर्यंत विषय बदलायचा नाही.

हे नुसते चांगले संस्कार म्हणून सांगितलेले नाहीत. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये शिक्षक विकासाच्या १०४ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात परिणामकारक कार्यक्रमांचे १४ घटक चार गटांत मांडले होते: ज्ञान उभारणं, उमेद देणं, कौशल्य बसवणं आणि ते सवयीत उतरवणं. वरच्या भेटीत चारही आहेत. सभागृहातल्या भाषणात बहुधा पहिलाच असतो.

गणित मात्र इथे कठोर आहे. समजा केंद्रात १२ शाळा आणि ४० शिक्षक आहेत. प्रत्येकाकडे महिन्याला दोन भेटी म्हणजे ८० भेटी, आणि कामाचे दिवस २२. शक्य नाही. मग सगळ्यांना एकेक वरवरची भेट देण्यापेक्षा एका सत्रात आठ-दहा शिक्षक निवडावेत, ज्यांची इच्छा आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी, आणि पुढच्या सत्रात त्यांतल्याच दोघांना सोबत घ्यावं. प्रामुख्याने अमेरिकेतल्या अशा कार्यक्रमांच्या ६० अभ्यासांचा २०१८ मधला आढावा इथे सावध करतो. मार्गदर्शनाने शिकवण्यात मोठा फरक पडतो, मुलांच्या शिकण्यातही दिसतो, पण कार्यक्रम शेकडो शिक्षकांपर्यंत पसरला की परिणाम बराच उतरतो. कारण चांगले मार्गदर्शक थोडे असतात. राज्यभर एका आदेशाने "प्रत्येक केंद्रात कोचिंग" जाहीर केलं, तर ते पुन्हा शेरेबुकच होईल.

एक धोका वेगळा सांगायला हवा. मार्गदर्शन करणाऱ्याकडेच गोपनीय अहवाल असेल, तर शिक्षक अडचण उघड करणार नाहीत. ते भेटीच्या दिवशी तयार करून ठेवलेला पाठ दाखवतील. तपासणी आणि मार्गदर्शन एकाच माणसाकडे ठेवणं अपरिहार्य असेल, तर निदान नकाशाचा कागद शिक्षकाकडेच राहील आणि त्याची प्रत वर जाणार नाही, एवढं तरी पाळावं.

शिक्षण परिषदेचे तीन तास

केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही आपल्याकडची सर्वांत वाया जाणारी चांगली सोय आहे. दर महिन्याला शिक्षक एकत्र येतात, तेही एका शाळेत. जपानमध्ये शिक्षक पाठ-अभ्यासासाठी असेच जमतात. एक पाठ मिळून तयार करतात, एकजण तो खऱ्या मुलांवर घेतो, बाकीचे मुलांकडे (शिक्षकाकडे नव्हे) पाहत नोंदी करतात, नंतर चर्चा होते आणि अनेकदा दुरुस्त पाठ दुसऱ्या वर्गावर होतो. पहिल्या उदाहरणात कोणत्या दोन संख्या घ्यायच्या, यावर ते तासभर वाद घालतात. बाहेरच्याला हा वेळकाढूपणा वाटेल, पण ५२ वजा २७ घेतलं की ५२ वजा ५०, यावर मुलं काय विचार करतील ते ठरतं.

हे तीन तासांत बसवता येतं. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणायच्या, उत्तीर्ण मुलांच्या नव्हे, अडलेल्यांच्या. पहिली ३० मिनिटं चुकांचे ढीग करायचे: एकाच प्रकारच्या चुका एकत्र. मग यजमान शाळेच्या मुलांवर ३० मिनिटांचा पाठ, आणि प्रत्येक निरीक्षकाला तीनच मुलं वाटून दिलेली. ३० मिनिटं चर्चा. मुलांनी काय केलं, काय म्हटलं, एवढंच बोलायचं. पाठ घेणाऱ्याने आधी बोलायचं, म्हणजे त्याच्यावर हल्ला होत नाही. मग तिघा-तिघांच्या गटात ४० मिनिटं सराव, आणि शेवटी पुढच्या महिन्यात आपल्या वर्गात कधी करणार ते लिहून घेणं. सूचना, परिपत्रकं, माहितीचे तक्ते व्हॉट्सॲपवर पाठवता येतात. त्यासाठी कोणाची शाळा बंद ठेवू नये.

द्विशिक्षकी शाळांचा विचार यात आधी करावा, शेवटी नव्हे. पहिली ते चौथीच्या चार वर्गांना दोन शिक्षक, आणि त्यांतला एक प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यापुढे चारही वर्ग. शिवाय प्रशिक्षणात दाखवलेला पाठ एका इयत्तेचा असतो. या शिक्षकाला तो दोन इयत्तांत एकाच वेळी घ्यायचा असतो. एका इयत्तेशी १५ मिनिटं बोलत असताना दुसरीने काय करायचं, याचा आराखडा दिला नाही, तर उरलेलं प्रशिक्षण त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. दोन शिक्षक मात्र एकमेकांचे मार्गदर्शक होऊ शकतात. आठवड्यातून एकदा दोन्ही वर्ग एकत्र बसवायचे, एकाने शिकवायचं, दुसऱ्याने नकाशा काढायचा.

मोबाइलवर ५० तास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाला द्यायचे आहेत. तासांचा आकडा गैर नाही. २००७ मधल्या एका अमेरिकी आढाव्यात १३०० हून जास्त अभ्यासांपैकी फक्त नऊच निकषांवर टिकले. त्यांत सरासरी ४९ तास दिलेल्या कार्यक्रमांनी मुलांच्या निकालात ठळक फरक पडला, आणि १४ तासांपेक्षा कमी वेळाच्या कार्यक्रमांनी पडला नाही. पण ते ४९ तास वर्गातल्या कामाशी जोडलेले होते. "दीक्षा" या सरकारी ऑनलाइन मंचावर चित्रफीत पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळवलं, तर ५० तासही १४ पेक्षा कमीच.

मार्गदर्शक फोनवरून चालेल का? दक्षिण आफ्रिकेनेच पुढे म्पुमालांगा प्रांतात हे तपासलं. एका गटाकडे मार्गदर्शक येत होते, दुसऱ्याला टॅबलेट, चित्रफिती आणि फोनवरून मार्गदर्शन. पहिल्या वर्षानंतर दोन्ही गट बरोबरीत वाटले आणि ऑनलाइनच्या बाजूने उत्साह वाढला. तीन वर्षांनी मात्र प्रत्यक्ष येणाऱ्यांचा परिणाम मुलांच्या इंग्रजी बोलण्यावर बराच जास्त होता, आणि ऑनलाइन गटात मुलांचं घरच्या भाषेतलं वाचन उलट मागे पडलं. ज्यांना एका वर्षाच्या प्रायोगिक प्रकल्पावरून राज्यभर निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी हा दुसरा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

उपयोग झाला हे कसं कळेल

शेवटच्या दिवशी अभिप्राय पत्र भरून घेतात. त्यात सुलभकांचं बोलणं, बैठक व्यवस्था आणि जेवण यांना गुण दिले जातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी २००० मध्ये तपासणीच्या पाच पातळ्या मांडल्या: शिक्षकांना आवडलं का, शिकले का, शाळेने साथ दिली का, वर्गात वापरलं का आणि मुलांचं काय झालं. आपण बहुधा पहिलीवर थांबतो.

त्यांचा आणखी एक मुद्दा १९८६ पासूनचा आहे. आपण समजतो की आधी शिक्षकांची मानसिकता बदलायची, मग वर्ग बदलेल. त्यांच्या मांडणीत क्रम उलटा आहे: शिक्षक काहीतरी करून पाहतो, स्वतःच्या मुलांत फरक दिसतो, आणि मग त्याचा विश्वास बसतो. म्हणून प्रेरणेच्या भाषणांवर पहिला दिवस घालवण्याऐवजी दोन आठवड्यांत दिसेल असा एक छोटा बदल हाती द्यावा.

आणि तो दिसावा म्हणून, सुरुवात करण्याआधी पाच उदाहरणांची एक चाचणी घेऊन ठेवावी: हातच्याची दोन, बिनहातच्याची एक, मधे शून्य असलेलं एक आणि एक शाब्दिक. पेपर तपासून गुण लिहू नयेत, चुकांचे प्रकार लिहावेत. सहा आठवड्यांनी संख्या बदलून तीच चाचणी. "३५" म्हणणारी १४ मुलं होती, आता पाच उरली, हे शिक्षकाला स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या हाताने मोजता येतं. उरलेल्या पाचांपैकी तिघांना दशक आणि सुटे वेगळे ओळखता येत नाहीत असं निघालं, तर पुढच्या भेटीचा विषयही तिथेच ठरतो.